सी ड्राइव्हची सफाई : अर्धवट सल्ले नकोत

महोदय,

घरचा संगणक मंद झाला की विंडोज जिथे असते त्या सी ड्राइव्हमधील ‘टेम्प’ आणि ‘प्रीफेच’ हे फोल्डर उघडून त्यांतील सर्व काही पुसून टाका, असा सल्ला व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरत आहे आणि काही नियतकालिकांतील माहितीपर सदरांतही तो जसाच्या तसा छापला जातो. यापैकी ‘टेम्प’मध्ये तात्पुरत्या फाइली असतात, तो रिकामा केल्याने सहसा काही बिघडत नाही. ‘प्रीफेच’मधील नोंदी मात्र नेहमीचे प्रोग्रॅम लवकर उघडावेत यासाठीच विंडोजने करून ठेवलेल्या असतात, त्या पुसल्या की प्रोग्रॅम सुरुवातीला उलट सावकाश उघडतात आणि विंडोज त्याच नोंदी पुन्हा तयार करते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिले जाणारे नियमित साहाय्य थांबवले आणि अनेक घरांतील संगणक विंडोज ११ वर नेण्यात आले. अशा वेळी जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये राखून ठेवली जाते, जेणेकरून नवी आवृत्ती न मानवल्यास दहा दिवसांच्या आत मागे फिरता यावे. हा फोल्डर अनेक जीबी जागा अडवतो, पण मुदत संपल्यावर विंडोज तो सहसा आपणहून काढून टाकते. त्याआधीच जागेची निकड असेल, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ आणि ‘टेम्पररी फाइल्स’ या क्रमाने जाऊन तो काढता येतो. मात्र नंतर परतीचा मार्ग बंद होतो. तेथील यादीत खुणा करताना घाई करू नये, कारण त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हाही पर्याय असतो आणि आपल्याकडे आधारची प्रत, विजेचे बिल, मुलांची प्रवेशपत्रे असे सगळे तेथेच पडलेले असते.

सर्वांत मोठा धोका ‘विनएसएक्सएस’ या, विंडोजचे घटक आणि अपडेट जेथे साठवलेले असतात त्या फोल्डरला हात लावण्यात आहे. त्यातील अनेक फाइली इतरत्रही त्याच रूपात जोडलेल्या असल्याने त्या दोनदा मोजल्या जातात आणि फोल्डरचा आकार प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो, आणि त्यातून काही हाताने पुसल्यास पुढील अपडेट अडतात किंवा संगणक सुरूच होत नाही. तेथील खरोखर निरुपयोगी भाग ‘डिस्क क्लीनअप’मधील ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ या पर्यायाने सुरक्षितपणे निघतो.

इतके साधन विंडोजमध्येच असताना वेगळे ‘क्लीनर’ बसवण्याची गरज मला तरी दिसत नाही. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या अशाच एका प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड शिरला आणि तो वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचला होता. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना तर खुद्द मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही.

शिवाय डिस्क काठोकाठ भरलेली नसेल, तर फाइली पुसून वेग फारसा वाढत नाही. मंदपणाचे कारण बहुधा जुनी हार्ड डिस्क किंवा अपुरी रॅम हे असते. आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात असे सल्ले छापताना कोणता फोल्डर कशासाठी असतो आणि पुसलेले परत मिळते की नाही, हेही सोबत द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा