जॉर्जियात, तिबिलिसीत असलेल्या आमच्या नाशिककर पोराला

बाळा,

नाव लिहीत नाही. परीक्षा तोंडावर असताना तू अख्खा दिवस आमच्यामागे घालवलास हे तुझ्या आईला कळलं तर ती आधी मलाच झापेल. पण वॉट्सॲपवर नुसते जोडलेले हात टाकून माझं काही समाधान होईना, म्हणून हे चारचौघात लिहितेय.

टूरवाल्यांनी शेवटचा दिवस मोकळा ठेवलेला, म्हणजे काय तर मॉलला सोडतो, शॉपिंग करा. आमच्या ह्यांना मॉल म्हटलं की डोकं उठतं, त्यात गारपिटीत दिंडोरीची बाग गेल्यापासून माणूस घरात बोलायचाच बंद झालेला, लेकीने ऑक्टोबर छाटणीच्या आधी जाऊन या म्हणून जबरदस्तीने तिकिटं काढली तर तिथेही चार दिवस बसच्या खिडकीतून नुसतं बघत बसले. आणि तू सकाळी आठला खाली गाडी घेऊन उभा, "काका, द्राक्षं बघायला चला." मी सांगते, त्या एका वाक्यावर ह्यांनी स्वतःहून बूट घातले.

सिघनागी गावाचा दोन तासांचा रस्ता, सप्टेंबर असल्याने जिकडेतिकडे द्राक्षतोडणी, तिकडे तिला र्तवेली म्हणतात ना? मला तो शब्द अजून नीट म्हणता येत नाही. तिथल्या द्राक्षबागवाल्या आजोबांच्या तळघरात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण बघून मला आधी वाटलं धान्याचे असतील! क्वेव्री म्हणे. आतून मधमाशीचं मेण, आणि द्राक्षं साली-बियांसकट त्यात टाकून महिनोन् महिने झाकून ठेवायची. आठ हजार वर्षांपासून तिकडे वाइन करतात, २०१३ ला ह्या रांजणातल्या पद्धतीला युनेस्कोने मान दिला, हे तूच सांगितलंस. आमचे हे माळकरी, आजोबा तर ग्लास भरून उभे, मला घाम फुटला. तू त्यांच्या भाषेत काय सांगितलंस देव जाणे, पण त्यांनी हसत ताजा रस आणून दिला.

आणि मग ते छाटणीचं. ह्यांनी विचारलं वर्षातून किती छाटण्या, आजोबा म्हणे एक. हे म्हणाले आमच्याकडे दोन, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी, तर आजोबांना वाटलं तूच चुकीचं सांगतोयस, दोनदा विचारून घेतलं. त्यांच्याकडे थंडीत वेल झोपतो, "मग तुमचा झोपतो कधी?" ह्याच्यावर हे इतके हसले की मी बघतच राहिले, सहा महिन्यांत पहिल्यांदा. गारांचं निघालं तेव्हा तर ह्यांनी मोबाईलमधले बागेचे फोटोच काढून दाखवले, जे आम्हाला घरात कुणाला बघू दिले नव्हते. त्यांच्या त्या काखेती भागातही गारा पडतात, ढग फोडायला रॉकेटं सोडतात, हे ऐकून ह्यांचे प्रश्न संपेनात आणि तू बिचारा मध्ये बसून दोन तास दोन्हीकडचं भाषांतर करत होतास, जेवणसुद्धा गार झालं तुझं.

बाकी खिंकाली म्हणजे उकडीच्या मोदकाची तिखट बहीण (आपली मश्रूमची आणि बटाट्याची), फक्त वरची शेंडी खायची नाही ताटात ठेवायची हे कळायच्या आधी मी तीन शेंड्या खाल्ल्या होत्या. चुरचखेला मला बाजारात मेणबत्त्या वाटल्या, निघाले दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या दाट रसात बुडवून वाळवलेले. संध्याकाळी गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामात त्या बाईने मला खरखरीत हातमोज्याने असं घासलं की दिवाळीचं उटणं काहीच नाही, वास मात्र वज्रेश्वरीच्या कुंडासारखाच. त्या गरम पाण्यावरूनच शहराचं नाव पडलं म्हणे.

परवा ह्यांनी छाटणी सुरू केली. लेबर आलं नाही म्हणून दुपारभर ओरडत होते, मला बरं वाटलं.

मैत्रिणीचा भाचा पुढच्या महिन्यात तिकडे येतोय, त्याच्याकडे कोंडाजीचा चिवडा पाठवतेय. ह्यांना आजोबांसाठी छाटणीची कात्री पाठवायचीय, चेक-इनच्या बॅगेत चालते का बघून सांग.

तुझी काकू