कलांचोला रात्रीचा अंधार मिळू द्या

संपादकसाहेब, नमस्कार. थंडीत नर्सरीतून फुललेला कलांचो आणतात आणि फुलं गेली की सरळ कचऱ्यात टाकतात, खरंच वाईट वाटतं हो. झाड मूळचं मादागास्करचं, रोज साधारण 14 तास सलग अंधार असा दीडेक महिना मिळाला की परत कळ्या धरतं, पण आपल्या मुंबईत खिडकीच्या ग्रिलमध्ये रात्रभर रस्त्याचा लाईट, मग कळ्या धरणार कशा! ऑक्टोबरपासून संध्याकाळी वर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, सकाळी काढा, दिवसा भरपूर उजेड द्या. मातीत जाड रेती हवी, कुंडीला भोक हवंच आणि पावसाळ्यात झडीपासून आत घ्या नाहीतर खोड कुजतं. घरात मांजर असेल तर लांब ठेवा, विषारी आहे ते. नर्सरीवाल्यांनी विकतानाच हे सांगावं ही विनंती.

एक वाचक, दादर