एमीची बाजू घेणाऱ्या बाईंना

बाई, सा. न.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. आपलं वाचनालय दुसऱ्या इमारतीत गेलं आणि तुम्ही निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेलात, एवढंच तिथे कळलं. म्हणून आभाराचं हे पत्र असं उघडच लिहितेय. कोणी ना कोणी तुम्हाला वाचून दाखवेल.

आम्ही तिघी बहिणी, शेंडेफळ मी. लुईझा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ ही चार बहिणींची कादंबरी शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादातून घरात आली, तेव्हा थोरल्या दोघी त्यातल्या लेखिका होऊ पाहणाऱ्या जोवरून भांडल्या आणि सगळ्यात धाकटी एमी माझ्या गळ्यात मारली. आमच्या घरी ती शिवीच होती. नाक धारदार व्हावं म्हणून झोपताना त्याला चिमटा लावणारी, नाटकाला नेलं नाही म्हणून जोचं हस्तलिखित जाळणारी पोरगी व्हायची हौस कोणाला असणार? पुस्तक परत करताना मी तणतणत हे बोलले. तुम्ही शिक्का मारता मारता एवढंच विचारलंत, "बर्फ पातळ आहे हे जोला माहीत होतं ना? मग धाकटीला सांगितलं का तिने?"

पुस्तक पुन्हा घरी नेलं. खरंच की! गोठलेल्या नदीच्या मधोमध जाऊ नका, असं शेजारचा लॉरी ओरडून सांगतो. जोला ते ऐकू येतं, मागे राहिलेल्या एमीला येत नाही. आणि जो रागाच्या भरात गप्प राहते. एमी बर्फाखाली जाते. वही जळाली ते सगळ्यांना पाठ असतं, हे मात्र कोणी बोलत नाही. वर लोणच्याच्या लिंबांपायी मास्तरांच्या छड्या खाणारीही एमीच. ती लिंबं वर्गाच्या खिडकीतून फेकायलाही तिलाच लावतात.

पुढे तुम्ही मला खऱ्या एमीबद्दल सांगितलंत, त्याचं मोल मला फार उशिरा कळलं. लुईझाची सगळ्यात धाकटी बहीण, नाव मे, जन्म 1840चा. 1868मध्ये कादंबरीचा पहिला भाग आला, त्यातली चित्रं तिचीच, आणि समीक्षकांनी त्यांना नावं ठेवली. (ती चित्रं मी नंतर पाहिली. बरी नाहीतच.) पण ती खचली नाही. बहिणीच्या पुस्तकाच्या पैशावर युरोपात जाऊन शिकली आणि 1877मध्ये पॅरिसच्या ‘सलोन’ या मानाच्या चित्रप्रदर्शनात तिचं चित्र लागलं. स्वस्तात राहून परदेशी चित्रकला कशी शिकावी, यावर बायकांसाठी पुस्तकही लिहिलं तिने. अमेरिकेतल्या कॉन्कॉर्डच्या ऑर्चर्ड हाउसमध्ये, म्हणजे अल्कॉटांच्या घरात, भिंतींवर तिची रेखाटनं अजून आहेत. 1879च्या डिसेंबरात, बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच, ती गेली. तान्ही लेक लुईझाकडे आली. मावशीचंच नाव होतं तिला, हाक मात्र लुलू. लुईझा 1888मध्ये गेली तोवर तिनेच तिला वाढवलं.

मी पुढे चित्रकलेला गेले. घरी त्यावर बराच गदारोळ झाला, तो इथे नको. त्या दिवसांत मला जोपेक्षा मेचा आधार जास्त वाटला आणि ती तुम्ही दिलेली होती. वाचनालयाच्या वर्गणीत एवढं बसत नाही, बाई. मनापासून आभार.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी भांडण शिल्लक आहे. एमी-लॉरीचं लग्न योग्यच, असं तुम्ही म्हणायचात. लग्नाचं जाऊ दे. पण रोममध्ये गेल्यावर आपल्यात प्रतिभा नाही, नुसतं कसब आहे, असं ठरवून कादंबरीतली एमी मोठी चित्रकार व्हायचं सोडून देते. शेवटी लेकीची मूर्ती घडवायला घेते खरी, पण ती घरच्यापुरती. 1869मध्ये लुईझाने हे लिहिलं आणि पुढच्या दहा वर्षांत मेने ते खोटं पाडलं. थोरल्या बहिणीने एवढी घाई करायला नको होती, असं माझं मत आहे. तुमचं कळवा.

तुमची,
एक धाकटी सभासद