मंत्रीसाहेब, शुगर तपासताना हा पण एक प्रश्न विचारायला लावा

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, नमस्कार.

तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे, 17 वर्षं काउंटरवर उभा आहे. काही गिऱ्हाईकं लांबूनच ओळखू येतात. दुकान रिकामं होईस्तोवर बाहेर मोबाईलवर बोलल्यासारखं करायचं, मग आत येऊन उगाच डोकेदुखीची गोळी मागायची आणि पैसे देता देता हळूच, "ते... जोर यायची गोळी आहे का?"

मागच्या पावसाळ्यात असाच एक ट्रॅक्टरवाला आला, वय 44-45. ती गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल, चिठ्ठीशिवाय देता येत नाही म्हटलं तर म्हणतो, डॉक्टरकडे कसा जाऊ, तिथला कंपाउंडर आमच्या भावकीतला आहे! रात्री लघवीला किती वेळा उठता विचारलं, तर चार-पाच वेळा. दुकानातल्या मशीनवर बोट टोचलं, शुगर 312. पठ्ठ्याला पत्ताच नाही, दीड वर्ष हायवेवरच्या तंबूवाल्या वैदूची जडीबुटी चालू आणि घरात बायकोशी अबोला.

साहेब, ताठरता न येणं हा लोकांना मर्दानगीचा विषय वाटतो, पण बऱ्याचदा तो रक्तवाहिन्यांचा असतो. तिथली रक्तवाहिनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार, त्यामुळे शुगर, बीपी, बिडी-तंबाखूनं नळ्या चोंदायला लागल्या की आधी बारीक नळी बोंब मारते, हार्टचा त्रास कधी कधी काही वर्षांनी येतो. काहींचं दारूनं होतं, काहींचं बीपीच्याच एखाद्या गोळीनं, काहींचं निव्वळ टेन्शन (पहाटे ताठरता येते पण बायकोजवळ नाही, तर बहुतेक डोक्यातलं). हे बघायला डॉक्टरच पाहिजे. शिवाय छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं ही जोराची गोळी चोरून घेतली तर बीपी धाडकन खाली येऊन जिवावर बेततं.

असल्या औषधांच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी आमच्याकडे मुतारीची एक भिंत मोकळी नाही. ते असो.

आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीचं आरोग्य वर्धिनी केंद्र) 30 च्या पुढच्यांची बीपी-शुगर तपासतात ना, तिथंच पुरुषांना ताठरतेचं पण विचारायला लावा, तंबाखू खाता का विचारतात तसंच. फक्त आशाताईंच्या गळ्यात नका टाकू, त्या गावातल्याच सुना-लेकी, त्यांच्यासमोर कोण तोंड उघडणार? बाप्या माणसानं, दार लावून, एकेकट्याला विचारायचं.

ट्रॅक्टरवाला आता दर महिन्याला शुगरच्या गोळ्या न्यायला येतो. त्या दुसऱ्या गोष्टीचं काय झालं हे मी अजून विचारलेलं नाही, काउंटरवर कोणी ना कोणी असतंच.

आपला,
एक मेडिकलवाला