पीएचडीचे आकडे कुठे आहेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंगनंतर पीएचडी की नोकरी, हा वाद आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात सध्या रंगला आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की कॅम्पसमध्ये ज्यांना कोणी उचलले नाही तेच पीएचडीला जातात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, पॅकेजमागे धावणाऱ्यांना विद्येची किंमत नाही. पत्रे वाचून वाटले, की लिहिणाऱ्यांनी ना लॅब आतून पाहिली असावी, ना शॉपफ्लोअर. मी गोव्यातल्या फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा, नव्वदच्या दशकातला मेकॅनिकल बीई. पीएचडी केलेली नाही. पण वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळतो आणि नव्या मुलांच्या मुलाखतींना बरीच वर्षे बसतो, म्हणून हा खटाटोप.

आधी पैशांचे बोलू, कारण घरात तेच आधी निघते. गणेश चवथीला जमलेले मामा-काका पीएचडी करणाऱ्या पोराला ‘अजून शिकतोसच मरे?’ म्हणून छळतात. समज असा, की हा फुकट बसला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ती ४२,००० होते आणि घरभाडे भत्ता वेगळा. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रिसर्च फेलोशिपमध्ये तर सुरुवातच ७०,००० पासून ठेवली गेली. वेर्णा-कुंडईत नव्या ट्रेनीच्या हातात किती पडतात हे मला माहीत आहे. ते ३७,००० पेक्षा कमीच असतात. म्हणजे पहिल्या वर्षी संशोधन करणारा पुढे असतो, कारखान्यातला मागे.

गाडी अडते ती नंतर. फेलोशिप पाच वर्षांची. प्रबंध मात्र कॅलेंडर बघून संपत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे दिली आहेत, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. मुदत वाढते, पैसे वाढत नाहीत. सहाव्या वर्षी बरोबरीचे लोक पर्वरीच्या फ्लॅटचे हप्ते भरत असतात आणि हा एखाद्या कॉलेजात लेक्चर बेसिसवर तास घेत रात्री प्रबंध लिहीत असतो. हा हिशेब प्रवेश घेताना कोणी मांडून दाखवत नाही. त्यात याच नियमांनी चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असणाऱ्याला थेट पीएचडीचा दरवाजा उघडला. पूर्वी एमई होईपर्यंत तरी माणूस थोडा पिकायचा. आता बाविसाव्या वर्षीच कौल लावायचा.

मग करावी कोणी? एक प्रसंग सांगतो. आमच्या कारखान्यात थंड पाण्याची एक पाइपलाइन आहे, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची. तिला एका वाकणापाशी सुईच्या टोकाएवढी भोके पडायची. फिटर क्लॅम्प मारायचा, पुढच्या बंदच्या दिवशी वेल्डर तुकडा बदलायचा, काम चालू. माल पुरवणारा म्हणाला, ३१६ वापरा, त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, पाण्यातल्या क्लोराइडने येणाऱ्या गंजाला ते टिकते. ते खरेच आहे, पण महागही आहे. बजेटमध्ये बसले नाही. आमच्या एका ट्रेनीला मात्र चैन पडेना. भोके त्या एकाच वाकणात का? त्याने काढलेला तुकडा उभा कापून आतली बाजू पाहिली. साप्ताहिक सुट्टीला पंप बंद असायचा, तेव्हा नेमके त्या उतारावर पाणी साचून राहायचे. साचलेल्या पाण्यात खड्डा पडायला सुरुवात झाली, की आतल्या आत तो खोल होत जातो, बाहेरून पाइप चकचकीत. उतार सुधारला आणि तक्रार बरीच कमी झाली. पण त्याचा पुढचा प्रश्न, पहिला खड्डा नेमका कधी आणि कशाने सुरू होतो, हा कारखान्याच्या कामाचा नव्हता. त्याला मीच सांगितले, ‘बाबा, इथे या प्रश्नाला पगार नाही.’ तो पुढे गंजण्याच्या याच शास्त्रात पीएचडीला गेला. प्रश्न इथूनच बरोबर नेला, त्यामुळे तिथे विषय शोधण्यात वर्ष घालवावे लागले नाही.

उलट उदाहरण माझ्या नात्यातले. मुलगी हुशार, कॅम्पसमध्ये त्या वर्षी मंदी, म्हणून रिकामे बसण्यापेक्षा बरे अशा हिशेबाने तिने नाव नोंदवले. विषय गाईडने दिला. तिसऱ्या वर्षी गाईड दुसऱ्या संस्थेत निघून गेले आणि नव्या गाईडला त्या विषयात गम्य नव्हते. चूक तिची म्हणता येणार नाही. मुलीसाठी स्थळ आले तर आपण चार घरी चौकशी करतो, पण जिथे पाच-सहा वर्षे काढायची त्या गाईडबद्दल त्याच्या आधीच्या एका विद्यार्थ्याला फोनसुद्धा करत नाही. संस्थेची पाटी बघून प्रवेश घेतला जातो. माझे मत विचाराल तर पाटीपेक्षा गाईड महत्त्वाचा, आणि त्याचे किती विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले हे सर्वांत महत्त्वाचे.

शाखेचाही फरक आहे. चिप डिझाइन, सिग्नल प्रोसेसिंग, मशिन लर्निंग, नवे पदार्थ, बॅटरी या क्षेत्रांत कंपन्या पीएचडीवाल्यांना बोलावून घेतात, फक्त ते बंगळूर-हैदराबादेत. आमच्यासारख्या उत्पादन करणाऱ्या कारखान्यात पीएचडी झालेला अर्जदार आला की एचआरचा पहिला प्रश्न असतो, ‘हा टिकेल का?’ मी त्या टेबलावर बसलेलो असतो, म्हणून सांगतो: बहुतेकदा घेत नाहीत. गोव्यातल्या कारखान्यांचा मेंदू बव्हंशी दुसऱ्या शहरात आहे, इथे आहेत ते हात. देशातच संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च होतो आणि त्यातही निम्म्याहून अधिक सरकारी असतो, तिथे एकट्या वेर्ण्याला काय बोल लावायचा!

अध्यापनात जायचे असेल तर गोष्ट निराळी. सहायक प्राध्यापक व्हायला एमई चालते, सहयोगी प्राध्यापकपदाला पीएचडी लागतेच. म्हणून नोकरीत असलेले कितीतरी शिक्षक बढतीसाठी ती करतात. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण त्यांचे बघून ताज्या पदवीधराने आपला निर्णय घेऊ नये. आणि नोकरी व संशोधन यांच्या मधोमधही एक वाट आहे, ती गोव्यात डोळ्यांसमोर असून दिसत नाही. दोनापावलच्या समुद्र विज्ञान संस्थेत ‘माया’ हे पाण्याखाली आपोआप फिरणारे यान तयार झाले, ते इंजिनिअरांच्याच हातून. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत अंटार्क्टिकाला जाणाऱ्या मोहिमांना जनरेटर आणि यंत्रे चालती ठेवणारी माणसे लागतात.

आमच्या वेळी गोव्यातल्या मुलाला इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करायचे म्हटले तर मुंबई नाही तर कर्नाटकातले सुरतकल गाठावे लागे. १९६७ पासून फर्मागुडीचे सरकारी कॉलेज होते तेवढेच. मग २००४ साली झुआरीनगरला बिट्स आले, २०१० मध्ये एनआयटी, २०१६ मध्ये आयआयटी. एनआयटी आता कुंकळ्ळीच्या स्वतःच्या आवारात गेली. आयआयटीची जागा मात्र अजून ठरायची आहे. २०२१ च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यातल्या मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून गावकरी कसे उठले, ते सत्तरीच्या लोकांना सांगायला नको. ती कुठे यावी यावर आपण रस्त्यावर उतरलो, आणि लोकांच्या जमिनीचा प्रश्न होता तेव्हा उतरायलाच हवे होते. आत काय चालते, कोण शिकते, पुढे कुठे जाते, हे मात्र कोणी विचारले नाही.

माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या मुलांना मी म्हणतो, आधी दोन-तीन वर्षे नोकरी करा. एखादा प्रश्न रात्री झोपू देईनासा झाला तर जा, नाहीतर पगारवाढ घ्या आणि सुखी राहा. शाळेपासून ज्याला गणितातच राम वाटतो त्याला हे लागू नाही, त्याने सरळ जावे. अडचण एवढीच, की नोकरीत रुळलेला माणूस परत फिरत नाही. त्यावर उपाय यूजीसीच्या नियमांतच आहे: मालकाचे ना-हरकत पत्र असेल तर अर्धवेळ पीएचडी करता येते. प्रत्यक्षात हे पत्र मागायला गेलेल्या माणसाकडे मॅनेजर राजीनामा आणल्यासारखे बघतो. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी आठवड्याचा एक दिवस संशोधनासाठी मोकळा देण्याची रीत पाडली, तर त्या पाइपच्या भोकासारखे प्रश्न इथल्याच लॅबमध्ये सुटतील आणि माणूसही गोव्यातच राहील.

आता आपल्याकडे एक मागणी. दर वर्षी प्लेसमेंटच्या बातम्या येतात, सर्वांत मोठे पॅकेज ठळक अक्षरात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी संस्था जी माहिती भरतात तीत पीएचडी करणारे किती आणि पूर्ण केलेले किती एवढे सापडते. पण मधेच सोडून गेलेले किती, पूर्ण करणाऱ्यांना सरासरी किती वर्षे लागली, शेवटच्या वर्षी फेलोशिप चालू होती का आणि ते आज कुठे काम करतात, हे त्यात नाही. पुढच्या वेळी प्लेसमेंटची बातमी आणायला आपला वार्ताहर फर्मागुडी, कुंकळ्ळी आणि झुआरीनगरला जाईल, तेव्हा त्याला हे चार प्रश्नही विचारायला सांगावे. उत्तर मिळाले तर छापा. मिळाले नाही तर तेही छापा.

आपला,
एक अभियंता, फोंडा
(नाव व पत्ता संपादकांकडे)