दुसऱ्या टप्प्याचा क्रशर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुझी दोन पत्रे आली आणि मी एकाचेही उत्तर दिले नाही, याची टोचणी होतीच. पण काल जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे सुचेना. घरी सर्व क्षेम, आईचा गुडघा आहे तसाच आहे.

रस्त्याच्या कामावरून आपल्या क्रशरची खडी परत आली. तिथल्या अभियंत्याने माझ्यासमोर गेज, म्हणजे फटींची मापपट्टी, मांडले आणि 20 ते 16 मिलिमीटर गटातला एकेक खडा 10.8 मिलिमीटरच्या फटीतून घालून पाहिला. पापडासारख्या कपच्या सरसर खाली पडत गेल्या. चपटी आणि लांबट खडी मिळून 35 टक्क्यांवर गेली की माल नाकारायचा, हा नियम काही त्याने केलेला नाही. रागवावे तरी कोणावर? तात्यांच्या वेळचा प्लांट म्हणजे जबड्यामागे जबडा, दोन्ही टप्प्यांत पोलादी पाट्यांमध्ये दगड चिरडणारा जॉ क्रशर, आणि आपला काळा पाषाण दुसऱ्या जबड्यात चिरडला की त्याच्या कपच्याच होतात.

तेव्हा दुसरा टप्पा बदलायचा हे नक्की. वाद आहे तो काय बसवायचे याचा. दादा दगडावर जोराचे तडाखे देऊन तो फोडणाऱ्या इम्पॅक्टरवर अडून बसले आहेत, कारण तो स्वस्त आहे आणि त्याची खडी चौकोनी पडते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण चुनखडीवर वर्षानुवर्षे चालणारे ते यंत्र बेसाल्टवर किती टिकेल, हे पाहायला मी मुद्दाम आपल्यासारख्याच दगडाच्या एका खाणीवर गेलो. तिथे उतरवून ठेवलेल्या ब्लो बारच्या, म्हणजे इम्पॅक्टरच्या तडाखे देणाऱ्या पट्टीच्या, कडेवरून हात फिरवला, तर साबणाची झिजलेली वडी हाती लागावी तशी ती गुळगुळीत आणि गोल झाली होती. सुट्या भागांचा आणि बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब दादा मांडतच नाहीत. शिवाय कॅटलॉगातले ‘तासाला अमुक टन’ कोणत्या दगडाचे, खालची फट किती ठेवून काढलेले, हे विचारले की विक्रेता चहा मागवतो.

माझे मन कोन क्रशरकडे आहे, म्हणजे फिरत्या शंकूने दगड दाबून फोडणाऱ्या यंत्राकडे. पण कोनही अर्धवट भरून चालवला तर पुन्हा कपच्याच देणार; पोट गच्च भरलेले राहिले तरच दगडावर दगड घासून आकार येतो, आणि त्यासाठी आधी दगड साठवणारा हॉपर व तो सतत पुरवणारा फीडर हवा. पावसाळ्यात मुरूम आत गेला की कोन तुंबतो, म्हणून जबड्याआधी ग्रिझली, म्हणजे मुरूम गाळणारी सळ्यांची चाळण, हवी. त्यापुढे व्हीएसआय, म्हणजे उभ्या दांड्याचा इम्पॅक्टर, बसवला तर आकाराची चिंता मिटेल आणि क्रश सँड, म्हणजे दगडाची वाळूही निघेल, पण कर्जाचा आणि विजेच्या बिलाचा आकडा पाहून झोप उडते.

आठवते का, टपरीवर आपण भांडलो होतो? खडीचा आकार शेवटच्या टप्प्यात ठरतो असे तू म्हणत होतास, आणि मी पहिल्या जबड्यावर हटून बसलो होतो. तू जिंकलास, मान्य. पण त्या दिवशीच्या सहा कटिंगचे पैसे मीच दिले होते, हे विसरू नकोस.

तुझ्या बदलीचे काय झाले? धाकटीची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार सांग.

शनिवारच्या एसटीने दोन पोती डबर पाठवतो आहे. तुमच्या प्रयोगशाळेत त्याची अ‍ॅब्रेशन (झिजेची) आणि दाब-ताकदीची चाचणी करून घे, आणि आकडे मला नको, थेट दादांना कळव. तुझे ते ऐकतात. सोमवारी त्यांना बयाणा द्यायचा आहे, त्याआधी त्यांना फोन कर. चाचणीला वेळ लागणार असेल, तर निदान थोडे थांबायला तरी सांग.

तुझा,
बंड्या