गणपतीला येत नाहीये, रागावू नका

शिरोळ,
२५ ऑगस्ट २०१९

ती. आई-बाबांस सा. न.

परवा फोन तुटला तो रेंज गेली म्हणून. मी ठेवला नाही. आईला वाटलं असणार, कार्टीनं आपटला. आमची गाडी औषधं आणायला साताऱ्याला येतेय, ड्रायव्हरकाकांच्या हाती हे पत्र देते. फोनवर बोलले असते तर आई रडली असती आणि मी 'येते' म्हणून बसले असते.

मी गणपतीला येत नाहीये. रजा १५ सप्टेंबरपर्यंत वाढवून घेतली आहे, मंजूरही झाली.

बाबा, तुम्ही म्हणालात, पुराचं पाणी उतरलं, आता तिथे काय आहे? अहो, खरं काम आता आहे. लोक अनवाणी चिखल उपसतात, पायांना चिरा पडलेल्या असतात. त्या चिरांतून लेप्टो शिरतो, उंदरांच्या मुतातून चिखलात आलेला जंतू. त्याचा ताप येतो तो आठ-दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही. तो येऊ नये म्हणून डॉक्सीची गोळी, आठवड्यातून एकदा, भरल्या पोटी. पण गरोदर बायकांना आणि लहान पोरांना ती चालत नाही, म्हणून नुसती वाटून मोकळं होता येत नाही. दारोदार विचारत फिरतो. आशाताई सोबत असते. तिची स्वतःची मागची भिंत पडली आहे, तरी विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, टाकायला सकाळी सातला हजर.

माझी आबाळ नाही. शाळेच्या वरच्या मजल्यावर बाक जोडून गादी घातली आहे, मच्छरदाणी आहे, पाणी उकळून पितो, दोन वेळा गरम भाकरी मिळते. गमबूटही आहेत. तरी चिखल्या झाल्याच! दिवसभर लोकांना ट्यूबा वाटते आणि रात्री मला तुझी मेंदी आठवते, आई. तू बोटांत भरून फडकी बांधायचीस आणि सकाळी चादर खराब होऊ नये म्हणून बाबा मला उचलून मोरीपर्यंत न्यायचे.

काल एक आजोबा आले. घराच्या भिंतीवर २००५च्या पुराची खूण आहे, पाणी त्याच्या वर येत नसतं म्हणून घरातच थांबले होते. यंदा सांगलीत आयर्विन पुलाशीच ५७ फुटांच्या वर गेलं, खुणेचं काय घेऊन बसलात! माळ्यावरून बोटीत उतरवलं त्यांना. दवाखान्याची फाइल चिमटे लावून दोरीवर वाळवून आणली होती, पण शाई धुऊन गेलेली, कागद नुसते निळसर. बीपीची कुठली गोळी घेता? "पांढरी. मधे रेघ." बाबा, माझ्या पेटीतल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि रेघेच्या. बीपी १९० वर ११०. पूर आल्यापासून गोळीच नाही. घरी कोण असतं विचारलं, तर म्हणाले, मुलगा पुण्याला, येतो म्हणालाय. मी खाली मान घालून बीपीचा पट्टा सोडत राहिले.

तुम्ही दोघं एकटे आहात हे मला कळतं. इथले लोक तुमच्याहून जवळचे झाले असं मनातही आणू नका. तुमच्याकडे काकू आहे, शेजारी आहेत, कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, एवढाच हिशेब मी केला. चुकला असेल तर आल्यावर बोला.

आता ऐका. मखर काढायला बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. त्या दिवाळीचं मी विसरलेले नाही. काकूशी बोलले आहे, ती गौरी उभ्या करायला आदल्या दिवशीच येईल, मुखवटेही तीच काढेल. आईनं एकवीस मोदकांचा हट्ट सोडावा, पाच पुरे, बाप्पा मोजत नाही. बाबांनी त्यातला एकच खायचा आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी शुगर तपासायची. आकडा मला खरा सांगायचा, मागच्यासारखा नाही.

ड्रायव्हरकाका मंगळवारी परत निघतील. थोडं मेतकूट दिलंस तर नको म्हणणार नाही.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, तुमच्या सगळ्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि देवघराच्या वरच्या खणात ठेवा. बॉलपेननं. ते शाईचं पेन नको.